गोव्यात घरून व्हॉइस सर्व्हर: शंभर माणसांसाठी कोणती यंत्रं लागतात

जत्रेतलं नाटक गावच्या देवळासमोर होतं, पण त्यात काम करणारी माणसं आता एका गावात राहत नाहीत. एक जण वास्कोला, दुसरा पुण्यात, तिसरी फोंड्यात, दिग्दर्शक डिचोलीला. म्हणून सुरुवातीची वाचनं फोनवर घ्यायची पाळी येते आणि तयार ॲपवर ती होतातही. पण काही मंडळांना त्यापुढे जाऊन स्वतःचा व्हॉइस सर्व्हर, म्हणजे एकाचं बोलणं बाकी सगळ्यांपर्यंत पोचवणारं यंत्र, हवा असतो. प्रत्येक प्रवेशासाठी वेगळी खोली करता येते, वेळेची मर्यादा नसते, नोंदणीसाठी कुणाला फोन नंबर द्यावा लागत नाही, आणि आपला आवाज कुणाच्या यंत्रातून जातो ते आपल्याला ठाऊक असतं. हा लेख अशा मंडळांसाठी आहे. बुद्धिबळाचा क्लब असो की कॉलेजातला गेमिंगचा गट, हिशेब तोच.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो प्रोसेसरचा आणि रॅमचा. खरं तर या कामात त्या दोघांवर ताण सगळ्यांत कमी पडतो. घरून चालवलेला व्हॉइस सर्व्हर अडतो तो अपलोडच्या वेगावर, राउटरवर, पब्लिक पत्त्यावर आणि विजेवर, आणि गोव्यात पावसाचे चार महिने विजेवर सगळ्यांत जास्त. त्यामुळे पैसे कुठे घालायचे त्याचा क्रमही तोच ठेवा.

पुढचं सगळं मी ‘मंबल’ हा मुक्त स्रोताचा सर्व्हर धरून लिहितो आहे. तो फुकट आहे, जुन्या यंत्रावरही चालतो आणि माणसांच्या संख्येवर परवान्याची मर्यादा घालत नाही. ‘टीमस्पीक ३’ही चांगला आहे, पण त्याच्या फुकट परवान्यात एक सर्व्हर आणि ३२ जागा एवढंच मिळतं. शंभर जणांसाठी ते पुरत नाही.

पहिली पायरी: बोलणारी तोंडं मोजा

मंबलचा सर्व्हर आवाज ऐकत नाही, मिसळत नाही, बदलत नाही. बोलणाऱ्याकडून आलेलं पॅकेट, म्हणजे आवाजाचा छोटा तुकडा, तो उलगडतो आणि त्या खोलीतल्या प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी स्वतंत्र कुलूप (एन्क्रिप्शन) घालून पुढे पाठवतो. आवाज दाबून लहान करणं आणि पुन्हा मोकळा करणं हे काम प्रत्येकाच्या फोनवर किंवा संगणकावर होतं. टेलिफोन कॉन्फरन्सचे काही सर्व्हर मात्र सगळ्यांचे आवाज एकत्र करून प्रत्येकाला वेगळं मिश्रण पाठवतात. त्यांना खरोखरच दणकट प्रोसेसर लागतो. इंटरनेटवर ‘व्हॉइस सर्व्हरला आठ कोअर हवेत’ असा सल्ला वाचाल, तेव्हा तो कोणत्या जातीच्या सर्व्हरबद्दल आहे ते आधी पाहा.

आता आकडे. मंबल आवाजासाठी ओपस हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याची पद्धत, वापरतो. २०१२ साली प्रमाणित झालेला हा कोडेक सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही काम करतो. बोलण्यासाठी ४० किलोबिट भरपूर झाले. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट धरलं तर सेकंदाला ५० पॅकेटं होतात आणि प्रत्येकात १०० बाइट आवाज असतो. त्यावर पत्ते आणि कुलपाचे मिळून साधारण ३६ बाइट चढतात. गुणाकार केला की सुमारे ५४ किलोबिट येतात. हाताशी थोडं राखून आपण एका आवाजाच्या एका प्रतीला ६० किलोबिट धरू.

एका खोलीत १०० माणसं आहेत आणि एकच बोलतो आहे. सर्व्हरला ९९ प्रती पाठवायच्या, म्हणजे सुमारे ६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) अपलोड. तिघे एकदम बोलले तर १८. दहा जण बोलले तर ६०. आणि प्रयोग छान झाला म्हणून शंभरच्या शंभर जण एकाच वेळी ओरडले तर जवळजवळ ६०० एमबीपीएस. माणसं तेवढीच, सर्व्हर तोच, पण बोलणारी तोंडं वाढली की मागणी शंभरपट होते. म्हणून ‘किती सभासद?’ एवढ्यावर थांबू नका. ‘एका खोलीत जास्तीत जास्त किती जण, आणि त्यातले एकाच वेळी किती बोलतात?’ हे कागदावर लिहून काढा.

खोल्या पाडल्या की चित्र पालटतं. तीच १०० माणसं दहा-दहाच्या दहा खोल्यांत बसली आणि प्रत्येक खोलीत एक जण बोलत असला, तर दहा खोल्यांचे मिळून साडेपाच एमबीपीएस लागतात. प्रत्येक खोलीतले दहाही जण एकदम बोलले तरी आकडा ५४ वर थांबतो. प्रवेशवार तालीम घेणाऱ्या मंडळाला घरचं कनेक्शन पुरतं ते यामुळेच.

सर्व्हरकडे येणारा आवाज, म्हणजे डाउनलोड, या हिशेबात नगण्य आहे. शंभर जण बोलले तरी ६ एमबीपीएस. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला डाउनलोडचा वेग आपल्या कामाचा नाही.

यात पावसाचा एक खास मुद्दा आहे. माइक ‘आवाज आला की उघड’ या पद्धतीवर ठेवला असेल आणि बाहेर कौलांवर किंवा पत्र्यावर जोराचा पाऊस पडत असेल, तर माणूस गप्प असला तरी त्याचा माइक उघडतो. साखळीपासून काणकोणपर्यंत एकाच संध्याकाळी मोठी सर आली की पन्नास माइक उघडे राहतात आणि वरच्या हिशेबात सहा वाटलेला आकडा तीनशेवर जातो. उपाय यंत्रात नाही, शिस्तीत आहे: मोठ्या खोलीत सगळ्यांनी ‘कळ दाबून बोला’ ही पद्धत ठेवायची. मंबलमध्ये आरएननॉइज नावाचं गोंगाट कमी करणारं साधन आहे, तेही चालू करा. पावसाच्या आवाजाने संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार त्याने बरीच कमी होते.

दुसरी पायरी: कनेक्शन तपासा, तेही रात्री

अपलोडचा वेग सकाळी अकराला मोजून उपयोग नाही. तालीम ज्या वेळी असते त्याच वेळी, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, निदान आठवडाभर मोजा. संगणक राउटरला वायरने जोडून मोजा. मिळालेल्या सर्वांत कमी आकड्याच्या निम्म्यात आपला हिशेब बसला पाहिजे. सर्वांत कमी आकडा ४० असेल, तर २० एमबीपीएसपर्यंतची तालीम निर्धास्त होईल, म्हणजे शंभर जणांच्या खोलीत तिघे एकदम बोलले तरी चालेल.

महिन्याच्या डेटाची चिंता फारशी करू नका. शंभर जणांना एक माणूस सलग दोन तास ऐकवत राहिला तर ५.४ जीबी खर्च होतात. रोज तसं केलं तरी महिन्याला १६२ जीबी. कुणी बोलत नसेल तेव्हा जवळजवळ काहीच जात नाही.

वेगापेक्षा मोठा अडथळा पत्त्याचा आहे, आणि यंत्र विकत घेण्याआधी हे बघितलंच पाहिजे. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची टंचाई असल्यामुळे अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच पब्लिक पत्ता, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता, देतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही त्यामागे असाल तर तुम्हाला बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला तुमच्यापर्यंत येता येत नाही, आणि घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट (आत यायची दारं) उघडलीत तरी फरक पडत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सीजीनॅट आहे. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तरीही तो पब्लिक पत्ता नाही. आणि ‘माझा आयपी काय’ हे सांगणाऱ्या वेबसाइटवर वेगळाच आकडा दिसला, तर मध्ये कुणीतरी बसलेलं आहे हे नक्की.

यातून बाहेर पडायचे मार्ग तीन. कंपनीकडे जादा पैसे भरून स्थिर पब्लिक पत्ता मागणं हा सर्वांत सरळ. दुसरा आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत: मंबल त्यावर उत्तम चालतो, पण सभासदांपैकी ज्यांच्याकडे फक्त आयपीव्ही४ आहे ते बाहेर राहतील, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. तिसरा मार्ग म्हणजे घरचा नाद सोडून मुंबईच्या किंवा बंगळूरच्या डेटा सेंटरमधला छोटा भाड्याचा सर्व्हर. त्याबद्दल शेवटी बोलू.

पत्ता पब्लिक आहे पण बदलता आहे, असं असेल तर डायनॅमिक डीएनएस पुरतं. राउटर पुन्हा सुरू झाला की नवा पत्ता आपोआप जुन्या नावाला जोडला जातो.

तिसरी पायरी: यंत्र

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

मंबलच्या सर्व्हरमध्ये आवाजाची पॅकेटं हलवण्याचं काम एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. त्यामुळे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती चपळ आहे हे महत्त्वाचं. शंभर जणांच्या खोलीत तिघे बोलत असताना सेकंदाला सुमारे १५ हजार पॅकेटं बाहेर जातात आणि प्रत्येकाला वेगळं कुलूप लागतं. हे कुलूप एईएस पद्धतीचं आहे, आणि गेल्या दहा वर्षांतल्या जवळपास सगळ्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सोय असते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या चौथ्या आवृत्तीत, पाय ४ मध्ये, ती नाही, पाय ५ मध्ये आहे. शंभर जणांसाठी पाय ४ सुद्धा हे काम उचलतो, पण नवं घेणार असाल तर पाय ५ घ्या.

माझी पसंती मात्र वेगळी आहे. ऑफिसांतून निवृत्त झालेले छोटे डेस्कटॉप बाजारात मिळतात: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढचा कुठलाही चालेल. ते धातूच्या पेटीत येतात, वीज कमी खातात, आणि त्यांचं लॅन पोर्ट गिगाबिटचं असतं. नवं यंत्र हवं असेल तर २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० प्रोसेसरचे मिनी पीसी या कामाला उत्तम. त्याला चार कोअर आहेत आणि नुसत्या प्रोसेसरचा ठरलेला खर्च ६ वॅट आहे.

रॅम २ जीबी पुरते, ४ जीबी असली तर आरामात. डिस्कवर सर्व्हर आवाज साठवत नाही. फक्त सभासदांची नावं, खोल्या आणि परवानग्यांची एक छोटी एसक्यूलाइट (डेटाबेसची) फाइल असते. म्हणून १२० जीबीची साधी एसएसडी कित्येक पटींनी जास्त आहे. पण एसएसडीच घ्या. मेमरी कार्डावर रात्रंदिवस लॉग लिहिले जातात, त्यात मध्येच वीज गेली की कार्ड बिघडतं, आणि ऐन तालमीच्या वेळी यंत्र उठत नाही. पाय घेतला तरी त्याला एसएसडी जोडा.

जुनं यंत्र घेतल्यावर दोन कामं ताबडतोब करायची. पहिलं, मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी बदला. ती मेलेली असेल तर वीज गेल्यावर यंत्र आपल्या सेटिंग्ज विसरतं आणि घड्याळ चुकतं. घड्याळ चुकलं की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं नाकारली जाऊ शकतात, आणि मग सभासदांना ‘जोडता येत नाही’ एवढंच दिसतं. दुसरं, बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ या सेटिंगला ‘चालू हो’ असं ठेवा. कारखान्यातून ते बहुतेक वेळा ‘बंदच राहा’ असं येतं. सर्व्हर घरी एका खोलीत आणि तुम्ही पणजीला कामावर, अशा वेळी या एका सेटिंगमुळे सगळा फरक पडतो. पायला याची गरज नाही, वीज मिळाली की तो आपणहून उठतो.

यंत्रावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका. मंबलचा सर्व्हर त्याच्या भांडारातच आहे, त्यामुळे सुरक्षेच्या सुधारणा तिथूनच मिळत राहतात. पडदा आणि कीबोर्ड फक्त पहिल्या दिवशी लागतात.

चौथी पायरी: राउटर आणि वायर

सर्व्हर वाय-फायवर ठेवू नका. आवाजाला वेग थोडाच लागतो, पण ठेका सारखा लागतो. पॅकेटं कधी पाच तर कधी ऐंशी मिलिसेकंदांनी आली की शब्द तुटतो, आणि वाय-फायवर हे सतत होतं. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची एक वायर राउटरपासून यंत्रापर्यंत ओढा.

राउटरमध्ये ६४७३८ हे पोर्ट सर्व्हरच्या अंतर्गत पत्त्याकडे वळवायचं, पॅकेटं नेण्याच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी. नवखे फक्त टीसीपी उघडतात, जोडणी होते, आवाजही ऐकू येतो, आणि काम झालं असं वाटतं. पण यूडीपी बंद असलं की मंबल आवाज टीसीपीच्या आतून नेतो. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी रांग थांबते आणि बोलणं ओढल्यासारखं होतं. सभासदांनी ‘आवाज मागाहून येतो’ म्हटलं की आधी हेच तपासा.

कंपनीने फुकट दिलेला राउटर एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेला असतो. मोठ्या पॅकेटांत तो सिनेमा सहज ओढतो, पण सेकंदाला पंधरा हजार छोटी पॅकेटं हलवताना यातले काही दमतात. शिवाय घरातल्या कुणी लग्नाचा व्हिडिओ अपलोड करायला घेतला की राउटरमध्ये रांग लागते आणि आपला आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. यावर खरा उपाय म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणारा राउटर घेऊन त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांगेची पद्धत चालू करणं. मोजलेल्या अपलोडच्या सुमारे ९० टक्क्यांवर मर्यादा लावा. माझ्या मते मंडळाने यंत्रावर वाचवलेले पैसे इथे घालावेत. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच खरेदीने पडत नाही.

पाचवी पायरी: वीज, पाऊस आणि खारं वारं

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा गोव्यात ठिकठिकाणी झाडं पडली आणि वीज गेली. तेवढं मोठं वादळ दर वर्षी येत नाही, पण माड तारांवर पडणं आणि तासाभरासाठी लाइट जाणं हे जून ते सप्टेंबर आपल्याला नवीन नाही.

आधी एकूण खर्च काढा. छोटं यंत्र १५ वॅट, राउटर १०, फायबरचा डबा १०, म्हणजे ३५ वॅट. दुकानात मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यात कागदावर ८४ वॅट-तास असतात, हाती निम्मेच येतात असं धरा. तालमीला सव्वा तास मिळेल. घरात १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर रात्रभराची काळजी मिटली, पण त्याची कळ ‘यूपीएस’ बाजूला ठेवा. साध्या पद्धतीत बदल व्हायला वेळ लागतो, पंखे-दिव्यांना ते कळत नाही, यंत्र मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतं.

राउटर आणि फायबरचा डबा यांना बॅटरी जोडायला माणसं विसरतात. सर्व्हर चालू आणि राउटर बंद असेल तर सर्व्हर असून नसल्यासारखा. १२ व्होल्टचे छोटे डीसी यूपीएस खास याच कामासाठी मिळतात.

आता घराबाहेरचं. टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंत पूर्ण फायबर असेल, तर मधल्या विभाजकांना वीज लागत नाही. एक्स्चेंजमध्ये जनरेटर चालू असला की अख्ख्या वाड्यातली लाइट गेली तरी इंटरनेट राहतं. वाड्यातल्या केबलवाल्याने कुणाच्या तरी व्हरांड्यात स्विच ठेवून तिथून लॅनची तार दिली असेल, तर त्या व्हरांड्यातली लाइट गेली की तुमचं नेट जातं, मग तुमच्याकडे कितीही बॅटऱ्या असोत. कनेक्शन घेताना ‘घरापर्यंत फायबर आहे का, आणि मध्ये वीज लागणारं काही आहे का’ हे विचारा.

विजांचा कडकडाट आपल्याकडे मे अखेरीस आणि पाऊस परततो त्या ऑक्टोबरात जास्त. अर्थिंग नीट आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहा. दोन घरांमध्ये किंवा घर आणि देवळाच्या सभागृहामध्ये तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका, वीज जवळपास पडली तरी ती केबल दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकते. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची तार जोडणारे डबे) वापरा. फायबरमधून वीज वाहत नाही.

समुद्राजवळच्या घरात खारं वारं धातूच्या टोकांना खातं. यंत्र खिडकीपासून लांब, जमिनीपासून वर, भिंतीला न चिकटवता ठेवा. त्यावर प्लॅस्टिक घालू नका, आत उष्णता आणि ओल दोन्ही कोंडतात. यंत्र सतत चालू राहिलं तर ते थोडं कोमट राहतं आणि ओल धरत नाही, ते पावसाळ्यात बंद करून ठेवण्यापेक्षा बरं. न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोप्या लावा, आणि दर काही महिन्यांनी यूपीएस उघडून मुंग्या झाल्या नाहीत ना ते बघा.

सहावी पायरी: माणसांकडची यंत्रं

सर्व्हर कितीही चांगला असला तरी एका माणसाने लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकायला सुरुवात केली की सगळ्यांना आपलाच आवाज परत ऐकू येतो. वायरचा साधा हेडफोन सगळ्यांना सक्तीचा करा. ब्लूटूथमध्ये विलंब वाढतो. अँड्रॉइड फोनवर मंबलला जोडण्यासाठी ‘मम्ला’ हे ॲप आहे.

दुबई-अबूधाबीत राहणारे सभासद असतील तर त्यांच्याशी आधीच बोला. संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या इंटरनेट-कॉलवर निर्बंध आहेत. यंत्र घेतल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

भजनी मंडळांसाठी एक स्पष्ट गोष्ट. बोलण्यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर माणसाला खटकत नाही, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसही तीच आहे. पण एकत्र गायला आणि वाजवायला विलंब ३० मिलिसेकंदांच्या आत लागतो. मंबलवर बोलणं चांगलं होतं, पखवाजाबरोबर टाळ मात्र जमणार नाहीत, ठेका मागे मागे सरकत जाईल. त्यासाठी ‘जॅम्युलस’ हा वेगळा सर्व्हर आहे. तो खरोखर आवाज मिसळतो, म्हणून तिथे प्रोसेसरला महत्त्व येतं, आणि प्रत्येक वादकाला वायरचं कनेक्शन लागतं. मंबलवर एकाने गावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, चाल शिकवावी, एवढं उत्तम होतं.

सातवी पायरी: आधी दहा जणांत चाचणी

सगळ्या मंडळाला बोलावण्याआधी दहा जणांना एका खोलीत बसवा. एकाने दहा मिनिटं संहिता वाचावी. प्रत्येकाने आपल्या संगणकावर मंबलमधली जोडणीची माहिती उघडावी. तिथे पिंग (पॅकेटला जाऊन यायला लागणारा वेळ), उशिरा आलेली आणि हरवलेली पॅकेटं दिसतात. एकाच माणसाकडे हरवत असतील तर दोष त्याच्या घरी, सगळ्यांकडे हरवत असतील तर आपल्या राउटरमध्ये किंवा अपलोडमध्ये. मग दहाही जणांनी एकदम वाचावं. दहा जणांच्या एकदम वाचण्याला साडेपाच एमबीपीएस लागतात, म्हणजे शंभर जणांच्या खोलीत एक माणूस बोलण्याएवढा भार झाला. सभासद न जमवताही मोठ्या तालमीची कल्पना यातून येते.

त्यानंतर यूपीएसची तार भिंतीतून काढा आणि तालीम चालू ठेवा. किती वेळ टिकतं ते लिहून ठेवा. बॅटरी पूर्ण संपू द्या, वीज परत जोडा, आणि कुणीही हात न लावता यंत्र, राउटर आणि सर्व्हर उठतात का ते बघा. ही चाचणी मे महिन्यातच करा.

शंभराच्या पुढे

पाचशे जणांच्या एका खोलीत तिघे बोलले तर ९० एमबीपीएस अपलोड लागतो. हजारांना १८०, आणि सेकंदाला दीड लाख पॅकेटं. घरचा राउटर हे झेपवत नाही. इथे डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर घ्यावा. एक-दोन कोअर आणि १ ते २ जीबी रॅमचा लहानसा पुरतो. स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला बहुधा १ टीबीच्या आसपास डेटा मिळतो, त्याचा हिशेब वरच्या पद्धतीने करून घ्या. जागा निवडताना मुंबई किंवा बंगळूर पाहा. फायबरमधून आवाजाला गोव्यातून तिथे पोचायला काही मिलिसेकंद लागतात, युरोपातला सर्व्हर मात्र जाऊन-येऊन शंभराच्या वर नेतो.

सीजीनॅटमागे अडकलेल्या मंडळांनी शंभरासाठीही हाच मार्ग घ्यावा, आणि ज्यांच्या वाड्यात पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट येत नाही त्यांनी निदान त्या चार महिन्यांसाठी. हलवणं सोपं आहे. सर्व्हरची सेटिंगची फाइल, एसक्यूलाइटची फाइल आणि प्रमाणपत्र नव्या यंत्रावर नेऊन ठेवायचं आणि डीएनएसमध्ये नावाचा पत्ता बदलायचा. सभासद तेच नाव टाकून तेच संकेतशब्द वापरतात, खोल्या आणि परवानग्या होत्या तशाच दिसतात. ऑक्टोबरात त्याच तीन गोष्टी उलट दिशेने घरी आणता येतात.